विषबाधा हेल्पलाइनवर बसायला शिकले, त्याबद्दल

मी मूळची फार्मसीवाली. औषधं, डोस, कुठल्या गोळीचं कुठल्या गोळीशी पटत नाही वगैरे डोक्यात पक्कं होतं, त्यामुळे विषबाधा माहिती केंद्रात ट्रेनिंगला घेतलं तेव्हा वाटलं आता साप, सायनाइड, आर्सेनिक असलं काहीतरी जबरदस्त शिकायला मिळणार. प्रत्यक्षात सुरुवातीला कानावर काय पडलं? फरशी पुसायचं लिक्विड, बुटांच्या खोक्यातली ती छोटी पांढरी पुडी, आजोबांची बीपीची गोळी, परत फरशीचं लिक्विड, हँड सॅनिटायझर, पॅरासिटामॉलचं सिरप, आणि परत ती पुडी. (ती पुडी सिलिका जेलची असते, तिच्यावर 'खाऊ नका' असं एवढं मोठं लिहिलेलं असतं की आईबापांचा जीवच जातो, पण तिने विषबाधा होत नाही, घशात अडकली तरच प्रश्न.)

बरेच जण विचारतात की तिथे नक्की करता काय, म्हणून हे सविस्तर लिहितेय. कोणाची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

सुरुवातीला फोन उचलायचाच नसतो. सीनियर मॅडम बोलणार, मी शेजारी दुसरा हेडफोन लावून नुसतं ऐकणार, आणि समोरचा फॉर्म भरणार. मॅडमचा पहिला प्रश्न कधीच 'काय खाल्लं' हा नसायचा. आधी 'श्वास नीट चाललाय का, हाक मारली की ओ देतोय का'. उत्तर नाही असं आलं की बाकीचं सगळं रद्द, अँब्युलन्स बोलवा, मग आम्ही. उत्तर हो आलं की लगेच फोन नंबर, कारण फोन कट होतो, लोक घाबरून ठेवून देतात, बॅटरी संपते, आणि मग आपल्याकडे अर्धवट माहिती आणि नंबर नाही अशी अवस्था होते. मग वय, मग वजन. वजन विचारलं की लोक वैतागतात, इथे पोरगं काहीतरी प्यायलंय आणि तुम्ही वजन काय विचारताय, पण वजनाशिवाय मी काहीच सांगू शकत नाही, सगळं गणित दर किलोला किती मिलीग्रॅम याचंच आहे. पॅरासेल्ससने सोळाव्या शतकातच सांगून ठेवलंय की कुठलीही गोष्ट विष आहे की नाही हे मात्रा ठरवते, आमचं अख्खं काम त्या एका वाक्यावर उभं आहे.

त्यानंतर 'डबा हातात घ्या'. हे मला फार उशिरा उमगलं की का एवढा हट्ट. लोक ब्रँडचं नाव सांगतात, मोठ्या अक्षरातलं. पण एकाच ब्रँडचं एक टॉयलेट क्लीनर अ‍ॅसिडचं असतं, दुसरं ब्लीचचं, तिसरं नुसतं साबणासारखं, आणि तिघांच्या बाटल्या जवळपास सारख्या. मॅडम शांतपणे म्हणायच्या, 'ताई, पुढचं नाव नको, बाटली उलटी करा, मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेत ते वाचा, जसं लिहिलंय तसं, उच्चार चुकला तरी चालेल.' उंदराच्या औषधात तर हे फारच महत्त्वाचं. एका प्रकारात रक्त पातळ करणारं औषध असतं, त्यातला एखादा कण पोराने चाटला तर बहुतेकदा काही होत नाही. दुसऱ्यात पिवळा फॉस्फरस असतो, त्याची पेस्ट थोडीशी गेली तरी काही दिवसांनी लिव्हर निकामी होऊ शकतं आणि मधल्या काळात माणूस बरा दिसतो. तिसऱ्यात झिंक फॉस्फाइड, त्याचा पोटात गेल्यावर विषारी वायू होतो. घरात तिघांनाही एकच नाव, 'उंदराचं औषध'. त्यामुळे कोणी फोनवर 'उंदराचं औषध खाल्लं' म्हणालं की आम्हाला अजून काहीच कळलेलं नसतं.

एक कॉल नीट सांगते, म्हणजे गणित कसं चालतं ते कळेल. मुलगा अडीच वर्षांचा, वजन १२ किलो. पॅरासिटामॉल सिरपची ६० मिलीची बाटली, ५ मिलीमध्ये २५० मिलीग्रॅम असलेली. बाटलीत आता साधारण २० मिली उरलंय. बाबा म्हणाले आदल्या दिवशी एकदोनदा दिलं होतं, म्हणजे पूर्ण भरलेली नव्हती, आणि बरंचसं चादरीवर सांडलंय, चादर ओली आहे. मी फॉर्मवर लगेच वजाबाकी करायला लागले तर मॅडमनी माझा पेन धरला. सांडलेलं वजा करायचं नाही. आधी दिलेलं नक्की किती ते कोणी मोजून सांगू शकत असेल तरच वजा करायचं. म्हणजे ४० मिली गेलं असं धरा, दोन हजार मिलीग्रॅम, भागिले १२, किलोमागे १६६ च्या वर. एका वेळेला द्यायचा डोस किलोमागे १५ मिलीग्रॅम. आमच्याकडे दीडशेच्या वर गेलं की हॉस्पिटल, काही ठिकाणी लहान मुलांसाठी दोनशेची रेघ धरतात. मॅडम म्हणाल्या निघा. बाबा म्हणाले, 'अहो पण तो खेळतोय, उड्या मारतोय, एकदम ओके आहे.'

आणि इथेच पॅरासिटामॉल फसवतं. पहिले चोवीस तास जवळपास काही दिसत नाही, फार तर थोडी मळमळ. लिव्हरचं नुकसान त्यानंतर दिसायला लागतं, आणि उतारा मात्र आधीच द्यायला लागतो. अ‍ॅसिटिलसिस्टीन नावाचं औषध आहे, आठ तासांच्या आत सुरू केलं तर लिव्हर जवळपास पूर्ण वाचतं, उशीर होईल तसा फायदा कमी होत जातो. ते द्यायचं की नाही हे चेहरा बघून ठरत नाही, औषध घेतल्यापासून चार तासांनी रक्त काढतात, लेव्हल बघतात, आणि १९७५ मध्ये रुमॅक आणि मॅथ्यू यांनी केलेल्या आलेखावर तो ठिपका रेघेच्या वर पडतो की खाली ते बघतात. चार तासांच्या आधी काढलेल्या रक्तावरून त्या आलेखात काही सांगता येत नाही, हेही बाबांना समजावावं लागलं कारण ते म्हणत होते की पोचल्या पोचल्या टेस्ट करून सोडून द्या. शेवटी ठिपका रेघेच्या बराच खाली निघाला. चादरच जास्त प्यायली होती बहुतेक. पण हे आधी कळायला काही मार्ग नव्हता.

मग हळूहळू मला बोलू द्यायला लागले, मॅडम शेजारी. तेव्हा लक्षात आलं की माझा अर्धा वेळ लोकांना काहीतरी करण्यापासून थांबवण्यात जातोय. फोन येईपर्यंत घरात कोणीतरी मिठाचं पाणी कालवलेलं असतं. किंवा घशात बोट घालून झालेलं असतं. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात हे पक्कं बसलंय की विष गेलं की आधी उलटी काढा. नका काढू. अ‍ॅसिड किंवा तीव्र क्षार असेल तर खाली जाताना अन्ननलिका भाजली ती वर येताना परत भाजते. रॉकेल, थिनर, टर्पेंटाइन असेल तर त्याचा खरा धोका पोटात नाही, फुफ्फुसात आहे, उलटी होताना त्याचा थोडासा अंश श्वासनलिकेत गेला की न्युमोनियासारखं होतं. पेंगुळलेल्या माणसाला उलटी करवली तर तीच श्वासात जाते. आणि मिठाचं पाणी तर स्वतःच विष आहे, लहान मुलाच्या रक्तात सोडियम एवढं वाढतं की मेंदूवर परिणाम होतो, त्याने मृत्यू झालेले आहेत. एकेकाळी अमेरिकेत उलटी करवणारं इपेकॅक सिरप घरात ठेवा असा सल्ला बालरोगतज्ज्ञच द्यायचे, २००३ मध्ये त्यांच्याच संघटनेने तो मागे घेतला, कारण त्याने पेशंट जास्त बरे होतात असं काही दिसेना. दूध म्हणजे सगळ्यावर उतारा हाही असाच गैरसमज. आणि इंटरनेटवर वाचून कोळशाची पावडर देणारेही भेटतात, तो अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल वेगळा असतो, हॉस्पिटलमध्ये, शक्यतो पहिल्या तासाभरात, आणि तोसुद्धा लोह, लिथियम, अल्कोहोल यांना धरून ठेवत नाही.

मग घरी काय करायचं? तोंडात उरलेलं असेल तर बोटाने पुसून काढा. अंगावर सांडलं असेल तर कपडे उतरवा आणि भरपूर पाण्याने धुवा, डोळ्यात गेलं असेल तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली, आणि ही पंधरा मिनिटं घड्याळ लावून, कारण रडणाऱ्या मुलाचा डोळा धुताना दोन मिनिटंसुद्धा खूप वाटतात. वायू असेल तर आधी बाहेर या. बस. आणि डबा सोबत घ्या.

बटण बॅटरीचा कॉल आला की अख्खी खोली सावध होते. ती चपटी चकती, त्यातही २० मिलीमीटरची लिथियमची, अन्ननलिकेत अडकली की दोन तासांत खोल भाजते. लोकांना वाटतं बॅटरी फुटून आतलं गळतं, तसं लागतच नाही, ओलसर पेशींना चिकटल्यावर वीज वाहते आणि निगेटिव्ह बाजूला तीव्र क्षार तयार होतो, तो भाजतो. रिमोट चालवू न शकणारी, 'संपलेली' बॅटरीसुद्धा एवढं करायला पुरेशी असते. आमच्याकडे असा एक फोन आला होता की किचन स्केलच्या मागचं झाकण उघडं आहे, बॅटरी दिसत नाहीये, मुलगी एकदम नॉर्मल आहे, फक्त लाळ जरा जास्त गळतेय. मॅडमनी 'फक्त' हा शब्द ऐकला आणि सरळ सांगितलं, शोधत बसू नका, एक्स-रे असलेल्या हॉस्पिटलला निघा, आम्ही त्यांना फोन करतो. मूल एक वर्षाच्या वर असेल, गिळता येत असेल आणि गिळून बारा तासांच्या आत असेल तर जाता जाता दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा, त्याने भाजण्याचा वेग कमी होतो. पण मध शोधायला थांबायचं नाही. एक्स-रेमध्ये ती नाण्यासारखीच दिसते, कडेला दुहेरी कडा दिसते त्यावरून ओळखतात. त्या मुलीच्या घशात होती. वेळेत काढली.

अशा थोड्याशानेही घात करणाऱ्या गोष्टींची यादी आम्हाला पाठच करायला लावली होती. डायबेटिसच्या ग्लिपिझाइड, ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या, एकच गोळी दोन वर्षांच्या मुलाची साखर धोकादायक खाली आणू शकते आणि तेही कित्येक तासांनी, म्हणून दवाखान्यात दिवसभर ठेवून घेतात. बीपी-हृदयाच्या काही गोळ्या. कापूर, पोटात गेल्यावर काही मिनिटांत झटके येऊ शकतात. लोहाच्या गोळ्या, रंगीत, गोड कव्हर असलेल्या, यांच्यात मध्येच एक असा टप्पा येतो की उलट्या थांबतात, मूल बरं वाटतं आणि घरचे परत घेऊन जायला निघतात. विंटरग्रीनचं शुद्ध तेल (दुखण्यावर चोळायच्या बामात असतं ते), ५ मिलीमध्ये साधारण ७ ग्रॅम सॅलिसिलेट (ॲस्पिरिनच्याच जातीचं रसायन) म्हणजे मोठ्यांच्या ॲस्पिरिनच्या वीसपेक्षा जास्त गोळ्या. आणि दुसऱ्या बाजूला ज्याला लोक घाबरतात त्यातलं बरंच निरुपद्रवी, पेन्सिलचं शिसं (ते ग्रॅफाइट असतं), खडू, थर्मामीटर फुटून गिळलेला पारा. पारा पोटातून जवळपास शोषलाच जात नाही, त्याची वाफ श्वासात जाणं वाईट, म्हणून तो व्हॅक्युम क्लीनरने अजिबात ओढायचा नाही.

महिन्याअखेरीला कॉल्सचं कोडिंग, म्हणजे एकेका फॉर्मची वर्गवारी, करायचं काम ट्रेनीवर येतं. कंटाळवाणं काम, पण मला वाटतं खरं ट्रेनिंग तेच होतं. एकेक फोन ऐकताना सगळं नशीब, योगायोग वाटतं, सगळे फॉर्म एकाखाली एक लावले की मग दिसतं. लहान मुलांचे फॉर्म जवळजवळ एकाच साच्यातले. वय एक ते तीन, घरातच, संध्याकाळची वेळ, एकच पदार्थ, थोडासाच, आणि बहुतेकांना काहीही होत नाही. अमेरिकेतल्या सगळ्या केंद्रांकडे मिळून वर्षाला सगळ्या वयांच्या साधारण वीस लाख घटनांची नोंद होते, त्यातली चाळीस टक्क्यांच्या आसपास सहा वर्षांखालच्या मुलांची. मृत्यू मात्र बहुतांश मोठ्यांचे. आमच्याकडे मोठ्यांचे फोन कमी आणि प्रकरणं जड.

मुलांच्या फॉर्ममध्ये मला सगळ्यात जास्त चक्रावून टाकलं ते 'वस्तू कुठे होती' या रकान्याने. मी धरून चालले होते की उघडं कपाट, खालचा ड्रॉवर वगैरे असणार. तसे होतेच, पण भरपूर फॉर्मवर लिहिलेलं होतं 'वापरात होती'. म्हणजे पुसणं चालू होतं, बादली बाहेर होती, बाटलीचं झाकण ओट्यावर होतं, दार वाजलं. किंवा मोठ्या भावाला औषध देताना बाटली पलंगावर ठेवली. किंवा पाहुण्यांची पर्स सोफ्यावर. किंवा आजीने आठवड्याच्या गोळ्या त्या सात कप्प्यांच्या डबीत भरून टेबलावर ठेवल्या, ती डबी उघडायला दोन वर्षांच्या पोराला काही कष्ट लागत नाहीत. कपाटाला कुलूप लावा हे बरोबरच आहे, पण बाटली ज्या क्षणी कपाटाबाहेर असते त्या क्षणाचं काय?

मॅडमनी म्हणूनच आम्हाला एक वाक्य बोलायची बंदी केली होती: 'मुलावर लक्ष ठेवा'. मला सुरुवातीला ते फार ताठर वाटलं. पण फॉर्म वाचून पटलं. बहुतेक घरांत कोणीतरी लक्ष ठेवूनच होतं, मूल त्याच खोलीत होतं, पाठ वळायला जेवढा वेळ लागतो तेवढाच गेला होता. त्या आईला लक्ष ठेवा सांगून फक्त अपराधी वाटतं आणि बाटली तिथेच राहते. त्यापेक्षा वस्तू हलवा, तिचं झाकण बदला, ती घरात येऊच देऊ नका, हे सांगितलेलं निदान करता येतं.

झाकणाचंच घ्या. दाबून फिरवायचं ते झाकण १९६७ मध्ये कॅनडातल्या विंडसरमध्ये हेन्री ब्रो नावाच्या बालरोगतज्ज्ञाच्या खटपटीतून आलं, अमेरिकेत १९७० मध्ये त्यासाठी कायदा झाला आणि त्यानंतर मुलांमधले ॲस्पिरिनचे मृत्यू झपाट्याने खाली आले. भारी गोष्ट आहे. पण ते झाकण पास कसं होतं ते वाचा: साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांना बाटली देतात, पाच मिनिटांत किमान ८५ टक्के मुलांना उघडता आलं नाही तर झाकण त्या टप्प्यात पास. म्हणजे शंभरात पंधरा जणांनी उघडलं तरी चालतं! ते मुलाला उशीर करतं, अडवत नाही. आणि टक् आवाज येईपर्यंत फिरवून बंद केलं तरच तेवढाही उशीर होतो. घरी आल्यावर मी आमच्या सगळ्या बाटल्या उलट्या-सुलट्या करून बघत बसले होते, घरच्यांना वाटलं हिला काहीतरी झालंय.

मोठ्यांचे फॉर्म बघितले की साचा बदलतो. इथे कुतूहल नाही, सवय आहे. रात्री लाइट न लावता, चष्मा न घालता घेतलेली गोळी. कानाचे ड्रॉप्स डोळ्यात. डोळ्याच्या ड्रॉप्सऐवजी नखं चिकटवायचा ग्लू (हो, बाटली तेवढीच असते). बायकोने दिली आणि नवऱ्याने स्वतःही घेतली अशी डबल बीपीची गोळी. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल, अंगदुखीच्या गोळीत पॅरासिटामॉल, तापाची गोळी म्हणजे परत पॅरासिटामॉल, तीन वेगळी नावं आणि आत एकच औषध. आणि मेथोट्रेक्सेट. सांधेदुखीसाठी ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते, आणि माणसं ती रोज घेतात कारण बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या असतात. काही दिवसांत तोंडात फोड येतात, रक्तपेशी पडतात, जीवावर बेततं. फार्मसीत असताना मी हे पाकिटावर लिहून द्यायचे, पण आता मी 'आठवड्यातून एकदा' असं लिहिण्यापेक्षा वार लिहायला सांगते, 'फक्त सोमवारी'. पहिल्यात गोंधळाला जागा आहे.

बाटली बदलणं हा लहान-मोठे दोघांच्याही फॉर्मवर दिसणारा प्रकार. कोल्ड्रिंकच्या बाटलीत थिनर, पाण्याच्या बाटलीत ब्लीच किंवा कीटकनाशक. लहान मूल एक घोट घेतं, साधारण चमचाभर, आणि चवीने थांबतं. मोठा माणूस तहानेने दोन-तीन मोठे घोट एकदम घेतो. म्हणून या एका प्रकारात मोठ्यांचंच जास्त वाईट होताना मी बघितलंय. मूळ डबा, मूळ लेबल, यावर कुठलीही सूट नाही.

आणखी एक, जो कधीच 'विषबाधा' म्हणून येत नाही. फोन येतो की घरात सगळ्यांचं डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवणातून काहीतरी झालं असणार. ताप कोणालाच नाही. मॅडम विचारतात, 'काका, घरात काही जळतंय का, गिझर, शेगडी, जनरेटर?' हो म्हटलं की पुढचं बोलणं बाहेर उभं राहून. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही वास नाही, हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, आणि बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर ९८-९९ दाखवत राहतं कारण त्याला दोघांतला फरक कळत नाही. साध्या हवेत तो निम्मा उतरायला चार-पाच तास, पूर्ण ऑक्सिजनवर तासा-दीड तासावर येतो. घराबाहेर पडल्यावर डोकं दुखायचं थांबतं आणि परत आत गेल्यावर दुखतं, हे कोणी सांगितलं की माझे कान टवकारतात.

एक प्रकारचे फोन मला बरेच दिवस घेऊ दिले नव्हते, मुद्दाम घेतलेल्याचे. ते बरोबरच होतं. त्यासाठी समुपदेशकांबरोबर वेगळं ट्रेनिंग होतं. फॉर्म तोच, आधी श्वास, शुद्ध, नंबर. फक्त 'का' विचारायचं नाही, ओरडायचं नाही, घरच्यांनाही ओरडू द्यायचं नाही, सांगितलेल्या मात्रेपेक्षा जास्तही घेतलेलं असू शकतं असं धरायचं, आणि माणसाला एकटं सोडायचं नाही, तो 'आता बरं वाटतंय' म्हणाला तरी हॉस्पिटल. यातली बरीच माणसं तरुण असतात, आणि बऱ्याच जणांचा तो विचार काही मिनिटांचा, रागाच्या भरातला असतो, हे आम्हाला शिकवलं आणि पुढे ऐकायलाही मिळालं. हाताशी काय होतं यावर किती अवलंबून असतं हे श्रीलंकेने दाखवलंय, त्यांनी सगळ्यात घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि १९९५ ते २०१५ या काळात तिथला आत्महत्येचा दर सुमारे ७० टक्क्यांनी उतरला. ज्यांच्या घरी असा फोन येऊन गेलाय त्यांना आम्ही नंतरच्या फोनमध्ये औषधं आणि फवारणीचं सामान काही काळ घराबाहेर, दुसऱ्या कोणाकडे ठेवायला सांगतो. आणि हे वाचणाऱ्या कोणाच्या मनात असं काही चाललं असेल तर आत्ता, आज, कोणालातरी सांगा, तुमच्याकडच्या हेल्पलाइनला फोन करा.

आता मी एकटी बसते. रात्रपाळीला शांतता असते, संध्याकाळी चार ते दहा मात्र चहा गार होतो. केंद्राचा नंबर फोनमध्ये आधीच सेव्ह करून ठेवा असं मी भेटेल त्याला सांगते, सगळेजण 'हो हो' म्हणतात आणि करत नाहीत, मग मी फोन हातात घेऊन स्वतःच करून देते.

पहिला कॉल संपला की काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, आम्ही फॉलोअपचा फोन करतो, मूल कसं आहे, उलटी-झोप-खाणं वगैरे. त्या फॉर्मच्या शेवटी मॅडमनी जास्तीचा एक रकाना टाकून घेतलाय, 'वस्तू आता कुठे आहे'. गंमत म्हणजे इतकं सगळं होऊनही कित्येकदा उत्तर येतं, 'तिथेच आहे की', सिंकखाली, पलंगाशेजारी, पर्समध्ये. मी आता त्यांना नंतर हलवा असं सांगत नाही. फोन चालू ठेवूनच उठायला सांगते, ती बाटली उचला, कुठे ठेवताय ते मला सांगा, तिथे पोराचा हात खुर्चीवर चढून पोचतो का बघा, पोचत असेल तर अजून वर. दोन मिनिटं जातात. मग रकान्यात नवीन जागा लिहिते आणि फॉर्म बंद करते.